टोप : डोक्यावरचा आणि केसांचा

गणपतीतल्या ऐतिहासिक नाटकासाठी भाड्याने आणायच्या सामानाच्या तुमच्या यादीत 'टोप' दोनदा आलाय, वेशभूषेखाली 4 आणि रंगभूषेखाली 3. लिहिणाऱ्याची चूक समजून एक आकडा खोडू नका. वेशभूषेतला टोप म्हणजे शिरस्त्राण किंवा जिरेटोप. रंगभूषेतला केसांचा, ज्याला हल्ली सगळे विग म्हणतात. फरक क्रियापदात दिसतो. शिरस्त्राणाचा टोप घालतात किंवा चढवतात, केसांचा लावतात. मुंबई-कोकणाकडचं कोणी 'टोप घासून ठेव' म्हणालं तर तो तिसराच. त्याला आपण धुळे-जळगावकडे पातेलं नाहीतर भगोनं म्हणतो.

मूळ कल्पना एवढीच, की डोकं वरून पुरतं झाकणारी पोकळ वस्तू. मग ती लोखंडाची असो की केसांची. पुढे आकारानुसार लिंग बदलतं. मोठा तो टोप, लहान ती टोपी, तान्ह्या बाळाचं ते टोपडं. टोपला, टोपली, टोपलं यांचीही हीच चाल. टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे बंद असतात. मागे पाठीवर झूल सोडलेली असली की ती कुंची. बारशाच्या आहेरात दोन्हींची सर्रास अदलाबदल होते, तेवढं चालायचंच. थंडीत निघते ती कानटोपी. आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा जो उंच डोलारा असतो, तो टोपच. त्याला टोपी म्हणून पाहा, कानाला खटकेल.

आता टोप इंग्रजी 'टॉप'वरून आला, असं म्हणतात त्याचं. ऐकायला पटतं, पण टोपी हिंदीत, गुजरातीत, कानडीत आहे, तमिळमध्ये तोप्पी आहे. 1715च्या सुमाराच्या आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच) या सगळ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटलंय. पागोट्याच्या मुलखात हॅटवाले वेगळे दिसले, तेव्हा त्यांना ओळखायला 'टोपी' हा शब्द मराठीत रुळलेलाच होता. केसांच्या टोपाचं नातं फ्रेंच 'टूपे'शी लावणारेही भेटतात. टूपे म्हणजे मुळात केसांचा झुबका. आपला टोप अख्खं डोकं झाकतो. नुसता उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

वाक्प्रचार मात्र सगळे टोपीच्या वाट्याला आले. टोपी घालणे म्हणजे फसवणे, टोपी फिरवणे म्हणजे दिलेला शब्द फिरवणे. टोप घालून कोणी कोणाला फसवत नाही.

तुमच्या यादीत खरी गोम वेगळीच आहे. ज्या पात्राला केसांचा टोप आणि वर जिरेटोप असे दोन्ही आहेत, त्याच्या जिरेटोपाचं माप उघड्या डोक्यावर घेऊ नका. आधी खरे केस चापून बांधा. कपाळ, कानशिलं पुसून तेल काढा आणि ती कड रंग न लावता कोरडी ठेवा. रंगावर गोंद धरत नाही, आणि मंडपातल्या उकाड्यात घाम सुटला की दुसऱ्या अंकापर्यंत कडा उचलतात. केसांचा टोप कपाळाकडून मानेकडे ओढून बसवा, मग कडेला गोंद. रंग त्यानंतर, जोड झाकण्यापुरता. आता कपाळ, कानांच्या वर आणि मानेचा खळगा अशी फीत फिरवून जिरेटोपाचं माप घ्या. उघडं डोकं 56 सेंटिमीटर भरलं आणि जिरेटोपही 56चाच आणला, तर तो खाली उतरत नाही, वरच तरंगतो. मुजऱ्याला वाकताना पडतो तो खालच्या केसांना घेऊनच. जरा सैल निघाला तर आतून कापडाची पट्टी शिवता येते, घट्टला काहीच करता येत नाही.

भाड्याने सामान देणाऱ्याला यादी पाठवताना नुसतं 'टोप' लिहू नका. 'जिरेटोप' किती, 'शिरस्त्राण' किती, 'केसांचे टोप' किती हे वेगळं लिहा, आणि केसांच्या टोपापुढे पात्राचं नाव टाका. म्हाताऱ्या कारभाऱ्याला कुरळे काळे केस येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.