मांजराच्या जुनाट बद्धकोष्ठतेवर घरी काय करता येईल?

आपल्या नऊ वर्षांच्या बोक्याला तीन-तीन दिवस शौचास होत नाही, तेव्हा औषधाच्या दुकानातला एनिमा देऊ का, असे आपण विचारले आहे. कृपया देऊ नका. माणसांच्या अनेक तयार एनिमांत फॉस्फेट असते. ते मांजराच्या रक्तात झपाट्याने शोषले गेले की कॅल्शियम एकदम उतरते आणि मांजर दगावू शकते. एरंडेलही बळेच पाजू नका.

आणखी एक, बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल तर त्याला लघवी होते आहे ना, हे आधी पाहा. लघवी तुंबलेला बोकाही तसाच कुंथतो, आणि ते दुखणे एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

सांगलीत आमच्याकडे तेरा वर्षांची मनी आहे. तिची विष्ठा चिंचोक्यांसारखी सुटी आणि कोरडी पडे, कधी तिच्यावर रक्ताची पुसट रेघ असे. तपासणीत मूत्रपिंडे कमजोर निघाली. अशा मांजराच्या अंगातले पाणी लघवीवाटे जात राहते, मग मोठे आतडे विष्ठेतले उरलेसुरले पाणीही ओढून घेते. म्हणून आम्ही कोरडे दाणे बंद केले. आता पाकिटातल्या ओल्या खाद्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून देतो आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी ठेवतो, कारण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती जेवणाच्या ताटलीजवळचे पाणी हुंगूनही पाहत नाही. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले लॅक्ट्युलोजचे सिरप रोज चालू आहे. ते आतड्यात पाणी धरून ठेवते, आणि जुलाब होऊ लागले की डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी लागते.

इसबगोल पुष्कळ जण सुचवतात, परंतु अंगात पाणी कमी असताना किंवा आतडे आधीच फुगलेले असताना त्याने विष्ठेचा गोळा उलट मोठा होतो. वारंवार ताणून आतड्याची आकुंचनशक्ती गेली की मग शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते, त्यामुळे एकदा एक्स-रे अवश्य काढा; जवळ सोय नसेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्यासाठी ट्रेचा काठ बुटका असावा.

मनीला शौचास झाले की आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत टिंब देतो. लागोपाठ दोन चौकटी रिकाम्या राहिल्या की डॉक्टरांना फोन करतो. उलटी झाली किंवा तिने खाण्याला तोंड लावले नाही, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेतो.