थंड प्रदेशात लवकर पिकणाऱ्या बेरीचं नवं वाण घरी तयार करता येईल का?

येईल. मी कॅनडात सॅस्काटूनला घरामागे हास्कॅप या लांबट निळ्या बेरीचे संकर करते. पण तुम्ही लिहिलंय की ज्या रोपांची फळं आधी निळी होतील तेवढीच ठेवणार, ते वाचून राहवलं नाही. तसं अजिबात करू नका.

बोरिॲलिस आणि ऑरोरा या हास्कॅपच्या दोन वाणांच्या संकराची माझी 11 रोपं होती. तिसऱ्या वर्षी फळं धरली, तेव्हा नेमका दादा निफाडहून आलेला. त्याची द्राक्षबाग, त्यामुळे शब्द त्याचाच. जूनच्या मध्यावर चार झुडपं निळी झाली. "हीच लवकरची. बाकीची उगाच जागा अडवतायत," म्हणाला. मी सात उपटली. त्यातलं एक शेजारणीने मागून नेलं.

दहा दिवसांनी ठेवलेल्यातलं फळ नखाने चिरलं. साल गडद निळी, वर द्राक्षासारखी पांढरट छटा, आणि आत गर हिरवागार. एका फळात दात आंबले. हास्कॅपची साल आधी रंगते, गर मागाहून पिकतो. ती चार झुडपं जुलैतही आंबटच राहिली. शेजारणीकडचं पुढे फळलं, तेव्हा रंगलं आठवडाभर उशिरा, पण गोड आमच्याआधी झालं.

दादा स्वतः ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजल्याशिवाय घडाला कात्री लावत नाही. मग इथे नुसत्या रंगावर निवाडा का? तो म्हणतो, बाजारात रंग विकतो. विकेल एकदा, तेच गिऱ्हाईक परत येणार नाही.

थंडीची काळजी सोडा, हास्कॅपची फुलं उणे 7 अंश झेलतात. सस्कॅचेवान विद्यापीठात बॉब बोर्स यांनी रशियन, जपानी आणि कुरील बेटांवरचे प्रकार एकत्र आणून वाणं काढली. टुंड्रा आणि बोरिॲलिस 2007 ची. तुम्हीही एकमेकांशी नातं नसलेली दोन वाणं घ्या. फुलं जोडीने येतात आणि दोघांखाली मिळून एकच फळ धरतं, म्हणून उमलण्याआधी दोन्ही फुलांतले पुंकेसर काढा, मग दुसऱ्या वाणाचे पराग लावा. फळ पूर्ण पिकलं की बी पेरा. नोंदवहीत निळं झाल्याची तारीख लिहा, पण निवड गर गडद झाल्याच्या तारखेवर करा.

हो, आणि विकत आणलेलं वाण संरक्षित असेल तर त्याची कलमं करून विकू नका. शिवाय 11 रोपं फार थोडी, जमतील तितकी लावा.

शेजारणीने त्या झुडपाची दोन कलमं दिली आहेत. दादा पुढच्या जूनमध्ये येतोय. दोन्हीकडची फळं त्याच्यासमोर चिरणार आहे.