जुन्या बसच्या फिरत्या घराला बाजूचे आरसे कोणते बसवावेत?

आपल्या जुन्या बसचे मूळ आरसे वेगात थरथरतात आणि मागचे नीट दिसत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते केवळ काच बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण थरथर बहुधा दांडीतून येते: एकाच टोकाला धरलेली लांब दांडी इंजिनाच्या कंपनाबरोबर डोलते. म्हणून ट्रक-बसच्या सुट्या भागांच्या दुकानातून वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी पक्की होणारी दांडी घ्यावी, मात्र त्याआधी जुन्या दांडीच्या नळीचा व्यास मोजून न्यावा. दांडी जिथे बसते तो बसचा जुना पत्रा बहुधा गंजून पातळ झालेला असतो. त्यामुळे आतून जाड लोखंडी पट्टी, मध्ये रबरी वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने सैल न होणारे नट) वापरावेत, नाहीतर बेळगाव-खानापूर भागातल्या पावसात बोल्टच्या छिद्रांतून पाणी आत झिरपून लाकडी कपाटे फुगतील.

प्रत्येक बाजूला एक सपाट आणि त्याखाली एक लहान बहिर्वक्र (बाहेरच्या बाजूला फुगीर) आरसा असावा. बहिर्वक्र आरशात मागचे वाहन प्रत्यक्षापेक्षा दूर भासते, हे चोर्ला घाटात कृपया विसरू नका. चालक उजवीकडे बसत असल्याने डावी बाजू अधिक झाकली जाते, आणि तिकडे छत्री-पडदा (बसच्या बाजूला बाहेर उघडणारे सावलीचे कापड) लावला असेल तर त्या आरशाची दांडी लांब हवी. कोन ठरवताना स्वतः आसनावर बसावे व मदतनिसाला मागच्या चाकाजवळ उभे करावे.