जॉर्जियातल्या अथेन्समध्ये आई-वडिलांनी चार दिवस काय करावं?

तुमचा प्रश्न असा की लेक युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात एम.एस. करतेय, ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं चार दिवस तिच्याकडे जाताय, दोघंही शाकाहारी, फुटबॉलचं वेड नाही, आणि कोणीतरी सांगितलंय की तिथं कॉलेज सोडलं तर काही नाही. तर मग दोन दिवसांत आटपून अटलांटा गाठावं का?

मी तिथंच शिकलो, आता अटलांटाच्या बाजूला राहतो आणि जमेल तसा जात असतो. माझं सरळ मत: चारही दिवस अथेन्सलाच राहा. अटलांटाचं मत्स्यालय आणि कोका-कोलाचं संग्रहालय कुठे पळून जात नाही. लेकीचं रोजचं आयुष्य मात्र या गावात चाललंय, आणि हे गाव पायी फिरता येतं. अमेरिकेच्या दक्षिणेत असं गाव मिळणं सोपं नाही.

पण तिकिटं काढण्याआधी लेकीला विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं) वेळापत्रक पाठवायला सांगा. तुम्हाला खेळात रस नसेल, गावाला दुसऱ्या कशातच नसतो. शनिवारी घरचा सामना असला की सव्वा लाखाच्या वस्तीत 90 हजारांहून जास्त लोक नुसत्या स्टेडियममध्ये बसतात, आणि तिकीट नसलेलेही हजारो जण बाहेर मंडप ठोकून, शेगड्या पेटवून सकाळपासून खातपीत असतात. हॉटेलवाले दुप्पट-तिप्पट दर लावतात, बरेचसे दोन रात्रींची सक्ती करतात, आणि चांगल्या खोल्या कित्येक महिने आधीच गेलेल्या असतात. तुमच्यासारख्यांनी बाहेरगावी सामना असलेला शनिवार धरावा. ऑक्टोबरअखेरीला किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्लोरिडाविरुद्धचा सामना असतो. तो दोघांपैकी कोणाच्याच मैदानावर होत नाही, परंपरेने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला होतो (2026 चा अटलांटाला आणि 2027 चा टॅम्पाला ठरलाय). त्या आठवड्यात निम्मे विद्यार्थी समुद्रकिनाऱ्याकडे निघून जातात. गाव इतकं शांत पुन्हा थेट सुट्टीतच सापडतं.

घरच्या सामन्याचा शनिवार टाळता आलाच नाही, तर कुढत खोलीत बसू नका. दुपारी दोघं कॅम्पसवर चक्कर मारा. लाल-काळे कपडे घातलेले अनोळखी लोक "गो डॉग्ज" म्हणतील, तुम्हीही तेच म्हणा, बहुतेक कोणीतरी खायला देईल. (आधी विचारा त्यात काय आहे.) आत जाणार असाल तर मोठी पर्स चालत नाही, पारदर्शक पिशवी लागते.

स्टेडियम मात्र सामना नसतानाही बघा, आणि फुकटात बघा. सॅनफर्ड स्टेडियम 1929 मध्ये सुरू झालं. ते दरीसारख्या खोलगट जागेत आहे, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूने जाणाऱ्या पुलावर उभं राहिलं की अख्खं मैदान पायाखाली दिसतं. भोवतीच्या हिरव्या कुंपणाचं या लोकांना देवघरातल्या तुळशीइतकं अप्रूप. 1996 च्या ऑलिम्पिकसाठी ते उपटावं लागलं, तेव्हा त्याच्याच कलमांपासून नवं कुंपण वाढवून परत लावलं. त्या ऑलिम्पिकचा खऱ्या, म्हणजे आपल्या, फुटबॉलचा अंतिम सामना इथेच झाला आणि नायजेरियाने अर्जेंटिनाला 3-2 ने हरवलं. गावातल्या कोणाला विचाराल तर तो सामना फारसा आठवणार नाही. संघाचं शुभचिन्ह असलेल्या, उगा नावाच्या पांढऱ्या बुलडॉगांच्या समाध्या याच स्टेडियमच्या एका कोपऱ्यात आहेत, त्या सगळ्यांना पाठ असतात.

आता कॅम्पस. ब्रॉड स्ट्रीटवरची लोखंडी कमान ही उत्तरेची वेस. हिच्याखालून पदवी मिळण्याआधी जायचं नाही, गेलं तर पदवी मिळत नाही, असा समज आहे, म्हणून मुलं बाजूच्या पायऱ्यांवरून वळसा घालतात. लेकीला बाजूने जाऊ द्या आणि तुम्ही मधून जा, तुमच्या पदव्या झाल्यात. विद्यापीठाची सनद 1785 ची, म्हणजे अमेरिकेत राज्याच्या सनदेने स्थापन झालेलं हे पहिलं विद्यापीठ. आत शिरल्यावर 1832 चं चॅपल लागतं. उघडं असलं तर डोकावून या, रोमच्या सेंट पीटर्सच्या आतल्या भागाचं एक प्रचंड तैलचित्र समोरची भिंत व्यापून आहे. मागच्या मनोऱ्यातली घंटा दोर ओढून कोणीही वाजवू शकतं. संघ जिंकला की ती मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही.

कमानीजवळच्या होम्स-हंटर इमारतीपुढे मात्र जरा वेळ काढा. जानेवारी 1961 मध्ये हॅमिल्टन होम्स आणि शार्लीन हंटर या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कोर्टाच्या आदेशावर इथं प्रवेश घेतला. विद्यापीठाच्या पावणेदोनशे वर्षांत असे विद्यार्थी पहिल्यांदाच येत होते. काही दिवसांतच हंटरच्या वसतिगृहाबाहेर जमाव जमला, विटा-बाटल्या फेकल्या गेल्या, आणि विद्यापीठाने काय केलं, तर या दोघांनाच "सुरक्षेसाठी" निलंबित केलं. कोर्टाने परत आणलं. पुढे होम्स अस्थिरोगतज्ज्ञ झाले, हंटर नामवंत पत्रकार. इमारतीला त्यांची नावं मिळायला 2001 उजाडलं. याला जोडून लिनेनटाऊनबद्दल लेकीला वाचायला सांगा. आज जिथं पहिल्या वर्षाच्या मुलांची उंच वसतिगृहं आहेत, तिथं कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती होती, ती 1960 च्या दशकात "नगर पुनर्विकास" म्हणून उठवली. अथेन्सच्या महापौरांनी आणि आयुक्तांनी त्याबद्दलचा ठराव 2021 मध्ये केला. पोस्टरवरचं गाव आणि खरं गाव यांतला फरक इथं कळतो, आणि पाहुण्याला हे सहसा कोणी दाखवत नाही.

याच धाग्याने डाउनटाउनमधल्या हल आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या चौकात जा. याला हॉट कॉर्नर म्हणतात. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने, केशकर्तनालयं इथं एकवटली होती. तिथलं मॉर्टन थिएटर 1910 चं, मनरो मॉर्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने स्वतः बांधलेलं आणि चालवलेलं. आजही कार्यक्रम होतात. तुमच्या चार दिवसांत काही असेल तर तिकीट काढाच.

संगीत हे या गावाचं दुसरं दैवत, आणि मला विचाराल तर पहिलं. बी-52'ज आणि आर.ई.एम. हे दोन्ही बँड इथले. आर.ई.एम.चा गिटारवादक पीटर बक वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि गायक मायकल स्टाइपशी त्याची ओळख तिथलीच. दुकान अजून आहे, नुसतं चाळायला गेलात तरी कोणी हटकत नाही. एप्रिल 1980 मध्ये त्यांनी पहिला कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये, मित्राच्या वाढदिवसाला केला. चर्च पाडलं, शिखर तेवढं ओकोनी स्ट्रीटवर उभं आहे. शेजारीच नुचीज स्पेस नावाची संस्था आहे. एका आईने आपल्या वादक मुलाच्या आत्महत्येनंतर 2000 मध्ये सुरू केलेली, संगीतकारांना मानसिक आधार देणारी.

रात्रीचे कार्यक्रम 40 वॉट क्लब आणि जॉर्जिया थिएटरमध्ये. जॉर्जिया थिएटर 2009 मध्ये आगीत गेलं आणि 2011 मध्ये परत उभं राहिलं. दोन्हीकडे उभ्याने ऐकायचं, आवाज दणदणीत आणि सुरुवात उशिरा. कंबर-गुडघे कुरकुरत असतील तर आग्रह धरू नका. त्याऐवजी विद्यापीठाच्या ह्यू हॉजसन संगीत विद्यालयाचं वेळापत्रक बघा. विद्यार्थ्यांच्या मैफली तिथं वरचेवर असतात, बऱ्याचशा विनामूल्य, आणि खुर्च्या उत्तम. त्याच परिसरात जॉर्जिया म्युझियम ऑफ आर्ट आहे, तेही विनामूल्य.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण पंचाईत इथेच होते. द ग्रिट नावाचं शाकाहारी हॉटेल वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांचा आधार होतं, ते 2022 मध्ये बंद झालं. जुन्या लेखांत अजून त्याचं नाव येतं, शोधत जाऊ नका. दक्षिणी जेवणात ताटाला तीन-तीन भाज्या दिसतात आणि आपण खूश होतो, पण हिरव्या पाल्याची भाजी आणि फरसबी बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते, आणि मक्याचा पाव कधी कधी चरबीत भाजलेला असतो. "व्हेजिटेरियन आहे का" एवढंच विचारून भागत नाही. "यात बेकन, हॅम किंवा मांसाचं पाणी आहे का" असं नाव घेऊन विचारा. बिस्किट म्हणजे इथं मऊ, पदर सुटणारा पाव. तो लोणी-जॅमबरोबर घ्या, पांढरी ग्रेव्ही नको, तिच्यात बहुतेकदा सॉसेज असतं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, चीज घातलेल्या मागवा. पिमेंटो चीजचं, म्हणजे लाल मिरची घातलेल्या चीजचं, सँडविच खा, पण तेही असंच विचारून. चहा मागितलात तर बर्फाचा आणि भयंकर गोड येईल, गरम हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा.

एक सकाळ स्टेट बोटॅनिकल गार्डनला द्या. 313 एकर, प्रवेश विनामूल्य, मिडल ओकोनी नदीच्या काठाने जंगलातल्या वाटा. ऑक्टोबरमध्ये दिवसा साधारण 22-23 अंश असतं, चालायला छान. रात्री दहापर्यंत उतरतं, स्वेटर घ्या. गावात फिरताना दोन गमती रस्त्यात येतीलच. एक, "स्वतःचा मालक असलेला" ओक. कोण्या कर्नल जॅक्सनने झाडाची मालकी झाडालाच लिहून दिली अशी दंतकथा आहे. मूळ झाड 1942 मध्ये कोसळलं, आत्ताचं त्याच्याच बीपासून 1946 मध्ये लावलेलं. दुसरी, सिटी हॉलसमोरची 1862 ची जोडनळीची तोफ. दोन गोळे साखळीने बांधून एकदम उडवायची कल्पना होती, पण चाचणीत दोन्ही एका क्षणी सुटेनात आणि साखळी भलतीकडेच गेली. प्रत्येकी पाच मिनिटं पुरे, मुद्दाम वाट वाकडी करू नका.

तुमच्यापैकी कोणी डॉक्टर असेल तर अर्धा दिवस जवळच्या जेफरसन गावी जा. डॉक्टर क्रॉफर्ड लाँग यांनी 30 मार्च 1842 रोजी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केली ती तिथं, आणि त्याच जागी छोटं संग्रहालय आहे.

गाडीचं म्हणाल तर अटलांटा विमानतळावरून अथेन्सला थेट शटल गाड्या आहेत, रहदारीप्रमाणे दीड-दोन तास. हॉटेल डाउनटाउनच्या कडेला घ्या, अगदी मध्ये नको. गुरुवार ते शनिवार बारमधला गोंगाट रात्री दोनपर्यंत चालतो. कॅम्पसवर विद्यापीठाचं स्वतःचंही हॉटेल आहे, लेकीला चौकशी करायला सांगा. बागेला आणि जेफरसनला तेवढी उबर करा. परतीच्या वाटेवर कोणी गाडीने सोडणार असेल तर डिकेटरला थांबून चाय पानीत जेवा. मालक मेहेरवान इराणी वाढले ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणि त्यांच्या अ‍ॅशव्हिलच्या मूळ हॉटेलला 2022 मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत देशातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून गौरवलं गेलं. वडापाव मिळतो. चार दिवस बिस्किटं खाल्ल्यावर तो किती चांगला आहे याचा निवाडा तुम्हीच करा.