कोकणातल्या बंद घरासाठी सोलर वायरलेस कॅमेरा घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा की गावचं घर वर्षातले नऊ-दहा महिने बंद, वायफाय नाही, बजेट सहा हजारांपर्यंत, तर सिमकार्डवाला सोलर कॅमेरा घेऊ का आणि कुठला. गाव कोकणात आहे असं लिहिलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर कॅमेऱ्याच्या प्रश्नांवर इथे रोज पंचवीस जण मॉडेलांची यादी टाकतातच.

घेऊ नका. कोकणात बंद घराला सोलर कॅमेरा हा एकमेव कॅमेरा म्हणून घेऊच नका. जूनपासून गणपतीपर्यंत आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, आणि त्या कॅमेऱ्याबरोबर येणारं पॅनल असतं तीन-चार वॅटचं, त्यात ते आपण लावणार फणसाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत कारण घराच्या आजूबाजूला दुसरं काही असतंच कुठे. आणि चोरीला सगळ्यात सोयीचे दिवस तेच असतात, पावसाचा आवाज, लाईट गेलेली, वाडीत माणूस घराबाहेर पडत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमचं घर देवगड तालुक्यात आहे, सामायिक, आम्ही दोघे चुलतभाऊ आणि एक आत्या असे मालक. मी डोंबिवलीला, एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, ठाण्याला मोठ्या हुद्द्यावर. एका शिमग्याला दादा असाच कॅमेरा घेऊन आला, सोलर, फोर जी सिम, गोल फिरणारं डोकं, दोन्ही बाजूंनी बोलता येणारा. मी म्हटलं दादा, मीटरपासून एक वायर ओढू या, साधा प्लगवाला कॅमेरा लावू या, अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी करतो. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हा वायरमन लोकांना वायरीशिवाय काही दिसत नाही रे, जग कुठे गेलंय बघ." सगळे हसले. मी पण हसलो. वायरमन म्हटल्याचं वाईट वाटलं नाही, वायरमनचं ऐकलं नाही याचं वाटलं.

कॅमेरा पडवीच्या पुढच्या खांबावर लागला, तोंड खळ्याकडे, म्हणजे पुढच्या अंगणाकडे. मे महिन्यापर्यंत मस्त चालला, खोटं कशाला बोलू. फॅमिली ग्रुपवर रोज व्हिडिओ, आज वानर आले, आज माडाचं झावळ पडलं, आत्या तर रोज सकाळी तुळस बघून मगच चहा घ्यायची.

आता यातला महत्त्वाचा भाग. आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक काकी राहतात. आमच्या आजीच्या वेळेपासून घराची किल्ली त्यांच्याकडे. संध्याकाळी येऊन देवाजवळ दिवा लावायच्या, खळ्यात झाडू मारायच्या, कौल सरकलं असेल तर फोन करायच्या, वाळवी दिसली तर स्वतःच रॉकेल ओतायच्या. पैसे कधी घेतले नाहीत, गणपतीला आम्ही साडी नेतो तेवढंच. तर मे महिन्यात एकदा काकी तिन्हीसांजेला आल्या, दादाच्या फोनवर अलर्ट गेला, हा ऑफिसातून घरी येत असणार, अंधारात चेहरा कळला नाही, आणि याने ॲपमधलं माइक दाबून जोरात विचारलं, "कोण आहे? कॅमेऱ्यात सगळं दिसतंय!" रिकाम्या घराच्या खांबातून तो आवाज आला. काकींच्या हातातलं तेलाचं भांडं पडलं. दादाने नंतर ओळखलं, हसून सोडून दिलं, ती क्लिप ग्रुपवर पण टाकली, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

काकी दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. आम्हालाही कळलं नाही, कारण कॅमेऱ्याची सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक असंच आपण धरतो ना.

मग पाऊस सुरू झाला. आधी किड्यांनी जीव काढला. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात त्याच्यावर पतंग, किडे येतात, किड्यांमागे पाल येते, कोळी लेन्ससमोर जाळं विणतो, आणि जाळं त्या उजेडात पांढरंफेक चमकतं की पलीकडचं खळं दिसतच नाही. पाल, जाळं, वाऱ्याने हलणारी फांदी, प्रत्येकाची सूचना आणि प्रत्येक सूचनेमागे बॅटरीचा थोडा घास. बहुतेक बॅटरीवाले कॅमेरे सतत रेकॉर्डिंग करत नाहीत, झोपलेले असतात, हालचाल झाली की उठून काही सेकंद घेतात आणि परत झोपतात, म्हणून जितके वेळा उठवाल तितकी बॅटरी लवकर संपते. रात्रभर फोन वाजतो म्हणून दादाने नोटिफिकेशन बंद केली. जुलैच्या सुरुवातीला कॅमेरा ऑफलाइन झाला तर म्हणाला ऊन पडलं की येईल परत.

गणपतीच्या आधी साफसफाईला गेलो तर मागीलदाराची कडी तोडलेली. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा, दोन पितळी घागरी, समई, आजोबांचं घड्याळ गेलं. तांब्याचा भाव बघता हंडाच महाग पडला असेल. पोलिसांनी पंचनाम्याला विचारलं चोरी कधी झाली. आम्ही एकमेकांकडे बघतोय. जुलै ते गणपती यातला कुठलाही दिवस सांगा. कॅमेऱ्यातली शेवटची क्लिप पतंगाची.

आणि कॅमेरा चालू असता तरी काही मिळालं नसतं हे दादाला अजून पटत नाही. कॅमेरा पुढे, चोर मागून. समजा पुढून आला असता तरी तो कॅमेरा शंभर अंशांचं दृश्य बघणारा, १०८०चा, म्हणजे आडवे १९२० ठिपके. दहा मीटरवर ते दृश्य जवळजवळ २४ मीटर रुंद होतं, म्हणजे एका मीटरला ८० ठिपके, माणसाचा चेहरा पंधरा सेंटीमीटर धरला तर बारा ठिपक्यांत आख्खा चेहरा. एवढ्यात त्याची आई पण त्याला ओळखणार नाही. खळं बघायला कॅमेरा लावू नका, दार बघायला लावा, दारापासून दोन-तीन मीटरवर, हात पोचणार नाही पण टोपीखालचं तोंड दिसेल इतक्याच उंचीवर. ४ मेगापिक्सेल, ५ मेगापिक्सेल हे नंतर.

काकींकडे गेलो. आधी चहा दिला, बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माका चोर समाजलो काय तो? आपल्याच वाडीत माका कोण म्हणान इचारता?" काय उत्तर देणार. मी दादाला तिथूनच फोन लावला, म्हटलं बोल काकींशी. तो म्हणाला, नंतर बोलतो, मीटिंगमध्ये आहे.

आता मी काय केलं ते सांगतो, त्यात तुमचं उत्तर आहे. पहिलं, आपल्याकडे घर बंद करताना मेन स्विच पाडून जायची पद्धत आहे आणि ती बरोबरच आहे, वळवाच्या विजांत ते पाहिजेच. म्हणून कॅमेरा आणि राउटरसाठी वेगळी लाईन काढली, वेगळा एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच), ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाईन तोडणारा), सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक दाब अडवणारा), अर्थिंग तपासून. बाकी घर बंद, एवढंच चालू. विजेपासून शंभर टक्के वाचवणारं काही नसतं, पण तीन हजारांचा कॅमेरा जळला तर जळला, घर नको जळायला. दुसरं, सिमकार्ड कॅमेऱ्यात घालायच्या ऐवजी सिमवाला राउटर घेतला आणि तो माळ्यावर ठेवला जिथे रेंज येते. वाडीत कुठल्या कंपनीची रेंज येते ते शेजाऱ्याला विचारा, जाहिरातीला नको. राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस, लाईट गेली तर काही तास निघतात. तौक्तेसारखं वादळ आलं, २०२१ला किती दिवस लाईट नव्हती आठवतं ना, तर काहीच चालणार नाही, ते गृहीत धरा. इन्व्हर्टरची पाणीवाली बॅटरी बंद घरात ठेवू नका, पाणी कोण बघणार.

तिसरं, कॅमेरे साधे प्लगवाले वायफायचे. एक मागीलदारी, एक पुढच्या दारावर, दोन्ही पागोळ्यांच्या आत, पाणी थेट येणार नाही असे, तरी आयपी ६५ किंवा ६६ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेलेच घ्या कारण आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. असे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि ते बरंय, ५ वाला सिग्नल भिंतीतून आणखी कमी जातो. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून २.४ पण रडतच जातो म्हणून राउटर मधोमध. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे सेटिंगमधून बंद केले आणि चार-पाच हात लांब एक एलईडी बल्ब लावला, किडे बल्बकडे जातात, कॅमेऱ्याला रंगीत दिसतं. याने जेवढा फरक पडला तेवढा महाग मॉडेलने पडत नाही.

रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर, कॅमेऱ्यासाठीचं हाय एन्ड्युरन्स म्हणतात तेच घ्या, मोबाईलचं साधं कार्ड सतत लिहून लिहून मरतं. हिशोब सोपा आहे, २ एमबीपीएसने सतत रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी, १२८चं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसत जातं. फक्त हालचालीवर ठेवलं तर बरेच दिवस. चोर कॅमेराच घेऊन गेला तर कार्ड पण गेलं, म्हणून मागीलदाराच्या कॅमेऱ्याला तेवढं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घेतलंय. सगळं लाइव्ह बघत बसू नका, सिमचा डेटा दुपारपर्यंत संपतो.

कंपनीचं विचारलंत. सीपी प्लस, क्यूबो अशा नावाच्या कंपन्यांतलं तुमच्या तालुक्याच्या गावात ज्याची सर्व्हिस मिळते ते घ्या, तुमच्या बजेटात फरक उन्नीस-बीस. ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडायच्या ठरलेल्या पद्धती) असलेला मिळाला तर घ्या, उद्या दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर जोडता येतो. नाव नसलेला, तिसऱ्याच नावाच्या ॲपवर चालणारा घेऊ नका. २०१६ला मिराई नावाच्या मालवेअरने असेच फॅक्टरीचे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. आपल्याकडे पण ९ एप्रिल २०२५पासून इंटरनेटवाल्या सीसीटीव्हीला सरकारमान्य लॅबमध्ये सुरक्षेची तपासणी सक्तीची झालीय, तर दुकानदाराला एसटीक्यूसी, म्हणजे त्या सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र, आहे का विचारा, गप्प बसला तर पुढच्या दुकानात जा. दोन कॅमेरे, कार्डं, राउटर, यूपीएस मिळून सहा हजारांत बसणार नाही हे पण सांगून ठेवतो. बजेट ताणायचं नसेल तर मागीलदारी एकच लावा.

आणि चौथं, जे दादाच्या डोक्यात अजून जात नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचा स्पीकर मी बंद केलाय. ॲपमध्ये शेअर करायची सोय असते, ती वापरून काकींच्या मुलाच्या फोनवर दोन्ही कॅमेरे दिलेत. सूचना मला डोंबिवलीला येते तेव्हा मी काय करणार, रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून सकाळी पोचणार? तो टॉर्च घेऊन दोन मिनिटांत पोचतो. काकी पण यायला लागल्या परत, पण थोड्या दिवसांनी, आणि आता येताना कॅमेऱ्याकडे बघून "मी आसंय रे" म्हणतात, ते ऐकून मला अजून कसंतरी होतं.

थोडं राहिलं. हे सगळं कोकणासाठी. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं घर सोलापूर, लातूर, नगरकडे असेल तर सोलर कॅमेरा वर्षभर बरा चालेल, फक्त तिकडे उन्हाळ्यात दुपारी आजूबाजूचं तापमान माणसाच्या अंगाइतकं झालं की त्यातला उष्णता ओळखणारा सेन्सर मंदावतो, एवढं लक्षात ठेवा. कोकणात पण मीटरच नसेल, नुसता मांगर (शेतातलं, बागेतलं छोटं घर) किंवा बाग असेल तर सोलरशिवाय पर्याय नाही, मग मोठं पॅनल वेगळं घ्या, झाडापासून लांब खांबावर. आणि शेजाऱ्याच्या न्हाणीकडे, विहिरीकडे तोंड येत असेल तर कोन बदला. खाजगी अवस्थेतलं चित्रण संमतीशिवाय झालं तर आयटी कायद्याच्या ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वाडीतलं भांडण त्याच्याही पुढे जातं.

दादाचं म्हणणं विचाराल तर तेव्हाचं मॉडेल जुनं होतं, आता दोन लेन्सवालं आलंय, दुप्पट बॅटरी, येत्या मे महिन्यात तो ते घेऊन येणार आहे. घर त्याचंही आहे, मी नाही म्हणू शकत नाही. एवढंच सांगितलंय की खांबावर चढायच्या आधी काकींच्या घरी जाऊन ये. त्यावर निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.