वाचकांचे प्रश्न : सध्या पडद्यावर (ऑगस्ट २०२३)

प्रश्न : अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा ‘ओपनहायमर’ तीन तासांचा असून त्यात विज्ञानाची चर्चा फार आहे, असे ऐकले. विज्ञानाशी संबंध नसलेल्या प्रेक्षकाला तो झेपेल का? आणि त्यातील काही भाग कृष्णधवल कशासाठी आहे?

उत्तर : विज्ञानावाचून काही अडणार नाही, अडेल ते नावांपाशी. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी शास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी, वकील आणि राजकारणी यांची एवढी गर्दी केली आहे, की पहिल्या तासाभरात कोण कोणाच्या बाजूचा हे लक्षात ठेवतानाच दमछाक होते. रंगीत प्रसंग ओपनहायमरच्या (सिलियन मर्फी) नजरेतून घडतात आणि कृष्णधवल प्रसंग अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष लुईस स्ट्रॉस (रॉबर्ट डाउनी ज्युनियर) यांच्या बाजूने, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळसा गुंता सुटतो. आयमॅक्स या महाकाय पडद्याच्या तंत्रातील कॅमेऱ्यासाठी लागणारी ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म उपलब्धच नव्हती. ती कोडॅकने या चित्रपटासाठी मुद्दाम तयार केली.

१६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीस्फोटाची चर्चा सर्वत्र आहे. तेथे प्रकाश आधी आणि आवाज बऱ्याच वेळाने येतो, हे धाडस दाद देण्याजोगे आहेच. माझ्या मते मात्र चित्रपटाचा खरा कळस त्यानंतर आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडल्यावर बॉम्ब जेथे तयार झाला त्या लॉस अलामोसच्या सभागृहात ओपनहायमर भाषणाला उभा राहतो, लोक बाकांवर पाय आपटून जल्लोष करतात, आणि तो जल्लोष एकाएकी बंद होऊन समोरच्या एका तरुणीच्या चेहऱ्यावरची त्वचा सोलली जाताना त्याला दिसते. पाय आपटण्याचा हा आवाज आपण आधीही ऐकलेला असतो, पण तो कशाचा हे तेव्हा कळलेले नसते. जपानमधील संहार दाखवला नाही, हा आक्षेप मला म्हणूनच फारसा पटत नाही. स्त्रीपात्रे उथळ आहेत, हा आक्षेप मात्र मान्य. गीतेतील ‘आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक’ हे वचन शय्यागृहातील प्रसंगात आणल्यावरून वाद झाला. त्यात भावनांचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी जे वचन स्फोटाच्या क्षणी प्रथम कानी पडायला हवे होते ते आधीच खर्ची घातले, ही रचनेतील चूक उरतेच.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. तिला ‘बार्बी’ दाखवावा का?

उत्तर : दाखवू नये असे नाही, पण तो तिच्यासाठी केलेला चित्रपट नव्हे, अमेरिकेतही तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र त्याला मिळाले आहे. गुलाबी घरात पाण्याविनाच अंघोळ करणारी आणि रिकाम्या कपातून पिणारी बार्बी तिला आवडेल. पुरुषसत्तेवरचे विनोद डोक्यावरून जातील. दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांचा हात नेपथ्यात आणि रायन गॉस्लिंगच्या केनमध्ये (बार्बीचा जोडीदार बाहुला) सुरेख चालला आहे. अमेरिका फेरेरा यांच्या तोंडी असलेले स्त्रीच्या कोंडीवरचे लांबलचक स्वगत प्रामाणिक आहे, तरी जे आतापर्यंत दृश्यांतून हसतखेळत कळत होते तेच तेथे फळ्यावर लिहून दाखवल्यासारखे होते.

प्रश्न : समीक्षकांनी ‘बाईपण भारी देवा’ला मालिकेच्या पंक्तीला बसवले, तरी चित्रपटगृहे भरलेली आहेत. आपण कोणाच्या बाजूने?

उत्तर : दोन्ही बाजूंकडे तथ्य आहे, पण माझा कल प्रेक्षकांकडे आहे. दिग्दर्शक केदार शिंदे यांच्या मांडणीत संवाद जास्त आहेत, पार्श्वसंगीत प्रत्येक अश्रूची आगाऊ सूचना देते, आणि सहा बहिणींच्या सहा दुःखांना समान वाटा देण्याच्या नादात एकही दुःख पुरते उलगडत नाही. तरीही दुरावलेल्या या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येऊन झिम्मा-फुगडी घालू लागतात, तेव्हा रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रींच्या देहबोलीतून जे कळते, ते कोणत्याही संवादाने सांगितले नसते. मराठी पडद्यावर चाळिशी-पन्नाशीपुढची स्त्री बहुधा कोणाची तरी आई किंवा सासू म्हणूनच वावरते. येथे सहाही जणी कथेच्या मध्यभागी आहेत, आणि बायका घोळक्याने, नटूनथटून चित्रपटगृहात जात आहेत त्यामागे निव्वळ जाहिरात आहे असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

प्रश्न : या आठवड्यात एकच चित्रपट पाहणे शक्य आहे. कोणता पाहावा?

उत्तर : ‘मिशन इम्पॉसिबल : डेड रेकनिंग’ अजून लागलेला असेल, तर तो. दर्जाने ‘ओपनहायमर’ सरस आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तो आणखी काही आठवडे टिकेल, आणि १२ जुलैला आलेल्या ‘मिशन’चे आयमॅक्स पडदे मात्र ‘ओपनहायमर’ने आठवडाभरातच हिसकावून घेतले. संगणकीय बुद्धिमत्तेचा खलनायक फार बोलबच्चन आहे आणि कथा अर्धवट सुटते. पण तुटलेल्या पुलावरून आगगाडीचे डबे एकामागून एक खाली कोसळत असताना टॉम क्रूझ आणि हेली ॲटवेल स्वयंपाकाच्या डब्यातून, लोंबकळत्या पियानोखालून वर चढत राहतात तो प्रसंग घरच्या पडद्यावर निम्मासुद्धा उरणार नाही.