गुऱ्हाळावरचा पाहुणा

प्रश्न : सर, बीडशेडजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला चिपाडाच्या गंजीवर एक शिकारी पक्षी येऊन बसला. मी चुलवाणाशी उभा होतो. आमच्यात फार तर बारा फूट. पायाखाली उंदीर दाबून धरलेला आणि लचके तोडून खाणं चाललेलं. दहा मिनिटं मी जागचा हललो नाही. पाठ तपकिरी, छाती पांढरट, तिच्यावर तपकिरी उभे ओघळ. डोळे फिकट पिवळे, पायही पिवळे. पारव्याएवढा, शेपूट लांब. फोन खोपीत राहिला, म्हणून मागाहून वहीत चित्र काढलं, ते सोबत पाठवतोय. आमचा गुळव्या म्हणतो बहिरी ससाणा. पुतण्यानं माझं चित्रच मोबाइलवरच्या अ‍ॅपला दाखवलं, ते म्हणालं बेसरा. मला वाटतं घारीचं पिल्लू. कोण बरोबर?
– एक गुऱ्हाळमालक, ता. करवीर

उत्तर : तिघंही चुकलात. पण चित्राला माझ्याकडून पैकीच्या पैकी! पस्तीस वर्षं कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवलं, बेडकाची इतकी नीट आकृती काढणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

तुमचा पाहुणा शिक्रा आहे, वर्षाच्या आतला. पुस्तकात शिक्रा म्हणून जे चित्र असतं ते बहुतेक वेळा मोठ्या नराचं : राखाडी पाठ, लालभडक डोळा, छातीवर विटकरी आडव्या बारीक रेघा. तुमच्या पक्ष्याच्या अंगावर यातलं काहीच नाही, म्हणून शिक्रा तुमच्या मनातही आला नाही. आपल्याकडे शिक्र्याची घरटी उन्हाळ्यात होतात. गेल्या उन्हाळ्यातलं पोर जानेवारीतही तपकिरी अंगरख्यातच असतं. पुढे पिसं झडून नवी आली की उभे ओघळ जातात आणि आडव्या रेघा येतात. डोळाही हळूहळू पिवळ्याचा गडद होत जातो, नराचा तर पार लाल. त्यामुळे पक्षी बारा फुटांवर आला म्हणून ओळख सोपी होते असं नाही. जवळून रंगच जास्त दिसतो आणि रंगच जास्त फसवतो.

गुळव्यामामांचं म्हणणं मी समजू शकतो. आपल्या भागात घारीपेक्षा चपळ जे जे दिसेल त्याला ससाणाच म्हणतात. पण बहिरी ससाण्याचा डोळा काळाभोर असतो. तुमचा पिवळा डोळा तिथंच त्याला बाद करतो. शिवाय ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, बसल्यावर जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकणारे. तुमच्या चित्रात पंख शेपटीच्या निम्म्यावरही पोचत नाहीत. हे तुम्ही मुद्दाम काढलं नसणार, दिसलं तसं उतरवलंत, म्हणून मला त्याची जास्त खात्री वाटते. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट ही झाडाझुडपांत घुसून, गिरक्या घेत शिकार करणाऱ्याची ठेवण. ससाणा उघड्या आभाळातला.

घारीच्या पिल्लाचा मुद्दा मात्र मनातून काढून टाका. पक्ष्याचं पिल्लू घरटं सोडून उडायला लागतं तेव्हा ते आकारानं जवळजवळ आईबापांएवढं झालेलं असतं. पारव्याएवढी घार हवेत दिसायची नाही. आणि घारीची शेपूट टोकाला खाचेची असते, रंकाळ्यावर मान वर करून कधीही बघून घ्या.

आता बेसरा. इथं अ‍ॅपला मी हसणार नाही, कारण शिक्र्याचं पोर आणि बेसऱ्याचं पोर यांत भलेभले अडखळतात. मी तुमच्या चित्रात आधी गळा पाहिला. तिथं मधोमध तुम्ही एकच रेघ ओढलीय, पेन्सिलीनं, पुसट. बेसऱ्याची तीच रेघ शाईत बुडवलेल्या बोरूनं ओढल्यासारखी ठळक असते, ती तुमच्या नजरेतून सुटली नसती. दुसरं म्हणजे शेपूट. बेसऱ्याच्या शेपटीवरचे गडद पट्टे रुंद असतात, तुम्ही अरुंद काढलेत. तिसरा दाखला जागेचा. बेसरा दाट जंगलातला, त्याला शोधायचं तर राधानगरी-दाजीपूरच्या रानात जा. उसाचे फड, बांधावरची बाभळ, गावातलं चिंचेचं झाड हे सगळं शिक्र्याचं. गुऱ्हाळावर चिपाडं आली की उंदीर येतात, चिमण्या येतात, आणि त्यांच्या मागं हा.

शिक्रा हे नाव आपल्याकडे फारसी-उर्दूतून आलं, शिकारीशी नातं सांगणारं. पूर्वी शिकारी पक्षी पाळणारे मादीलाच शिक्रा म्हणत, नराला चिपका. मादी नरापेक्षा मोठी, म्हणून मान तिला. तुमचा नर की मादी, ते एकट्या पक्ष्याच्या चित्रावरून मी सांगायला जाणार नाही.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या आवारात, हिवाळ्यातच, एका शिक्र्याचं मी अर्धा तास टिपण काढत होतो. पाठ राखाडी, शेपटीवर पट्टे, उडणंही तसंच, दोनचार फडफडी आणि मग तरंगणं. शेवटी त्यानं सुरवंट उचलून गिळला तेव्हा चोचीकडं नीट पाहिलं. सरळ, बारीक, आकडा नाही. तो पावशा! मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणून जीव खाणारा हा पक्षी हिवाळ्यात गप्प असतो आणि दिसायला हुबेहूब शिक्रा. टिपणाचं ते पान मी अजून फाडलेलं नाही. तुमच्या बाबतीत ही भीती नाही, पावशाच्या मऊ पायांत उंदीर दाबून धरायचं बळ कुठलं?

पुन्हा आला तर पायांची बोटं बघा. शिक्र्याची आखूड आणि भरदार असतात. आवाज ऐकलात तर मात्र लगेच विश्वास ठेवू नका, ‘की-की’ करून शिक्र्याची नक्कल करण्यात कोतवाल पक्षी पटाईत असतो. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांनी सोडलेले किडे याला.

प्रश्न : आमच्या गच्चीत लव्हबर्डचा पिंजरा आहे. रोज दुपारी एक राखाडी, लाल डोळ्यांचा पक्षी पिंजऱ्यावर झडप घालतो. दोन पिल्लं भीतीनंच मेली. त्याला जाळी लावून पकडावं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही. हाही शिक्राच, वयात आलेला नर. त्याला पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पिंजरा घरात घ्या, किंवा वर आणि तिन्ही बाजूंनी गोणपाट बांधा. पिंजऱ्यापासून वीतभर अंतरावर बारीक जाळीचं दुसरं आवरण केलंत तरी त्याची नखं आत पोचत नाहीत. आठवडाभर काही हाती लागलं नाही की तो दुसरी गच्ची बघेल.